चाचणीच्या बोटीवरची माणसं

ऑक्टोबरचा अंक हा ‘हेकवेले’चा शेवटचा. मोटरबोटवाल्यांचं हे मासिक साठ वर्षं आमच्या ब्राके गावातून, वेझर नदीच्या काठावरून निघालं. संपादक उलरिके म्हणाली, “हार्टविग, मासिकाचा इतिहास तुम्हीच लिहा. दोन पानं.”

“साठ वर्षं दोन पानांत?”

“बोटीत सामान भरता तसं भरा. जड वाटेल ते काठावर ठेवा.”

अगदी यंदापर्यंत मी मासिकासाठी बोटींची चाचणी घ्यायचो. मी नवी बोट चालवायचो आणि माझी बायको गेसा होती तोवर दुसऱ्या बोटीतून फोटो काढायची. त्यामुळे ती स्वतः एकाही फोटोत नाही. घरीसुद्धा कॅमेरा कायम तिच्याच हातात. बारा वर्षांपूर्वी ती गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पाण्यावरचा तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही, हे मला तेव्हा कळलं. कुठल्यातरी जुन्या पानाच्या कडेला ती दिसेल, एवढ्यासाठीच मी इतिहास लिहायला हो म्हटलं.

सकाळी अंकांच्या खोलीत बसलो. दर वर्षाचे बारा अंक एकत्र बांधलेले होते. पूर्वी पानं जुळवणारा एनो मदतीला आला होता. त्यानं चहा ओतला. खडीसाखर कपात तडकली.

चौसष्टचा पहिला अंक सोळा पानांचा, इंजिनदुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर जुळवलेला. मी टिपणं काढत गेलो. आमच्या मासिकाचा लौकिक एकाच गोष्टीचा: आमच्या चाचणीत प्रत्येक बोटीचा वेग इतरांपेक्षा थोडा कमी भरायचा. बोटी बांधणारे चिडून पत्रं पाठवायचे. आम्ही मात्र नियम मोडला नाही. एकदा ओहोटीबरोबर, एकदा ओहोटीविरुद्ध, दोन्हींची सरासरी. टाकी अर्धी. बोटीवर माणूस एकच, कारण लहान बोटीला दुसऱ्या माणसाचं वजन लगेच जाणवतं.

त्र्याऐंशीच्या फोटोत मी सुकाणू धरून कॅमेऱ्याकडे, म्हणजे गेसाकडे बघतोय. मी त्या फोटोवर बराच वेळ थांबलो.

शहाऐंशीपासून मी शेजारच्या सीटकडे बघतोय. हसतोय. सीट रिकामी.

“कुणाशी गुलुगुलु चाललंय रे?” एनोनं विचारलं.

“शेजारी कुणी नसायचं, तुला माहीत आहे.”

“मग वेड्यासारखा हसतोस कशाला?” त्यानं चष्मा चढवून फोटोखालचा तक्ता वाचला. “आणि इथं तर ‘माणसं दोन’ छापलंय.”

ते तक्ते मीच लिहायचो. छपाईला जाण्याआधी प्रत्येक पान मी तपासायचो. मी आयुष्यात कधी दोन लिहिलं नाही. पुढचा महिना बघितला. दोन. पुढचं वर्ष. दोन.

“छपाईची चूक असेल,” एनो म्हणाला.

“दर महिन्याला?”

एक्क्याण्णवमध्ये सीटची गादी दबलेली आहे. शहाण्णवमध्ये समोरच्या काचेच्या चौकटीवर एक हात. दोन हजार तीनमध्ये पाठमोरी बाई, निळं जाकीट, वाऱ्यानं उडालेले तपकिरी केस.

“गेसाच की ही!” एनो आनंदानं म्हणाला. “सापडली ना तुला!”

“एनो, फोटो कुणी काढलाय?”

फोटोखाली तिचंच नाव होतं. एनोनं ते वाचलं. मग उठून खिडकी उघडली आणि तिथंच उभा राहिला.

मी पानं उलटत गेलो. दर वर्षी ती थोडी थोडी वळत होती. आधी कान. मग गाल. चेहरा मात्र नाही.

ती गेली त्या वर्षाचा खंड आला. त्यानंतरचे फोटो ओल्डेनबुर्गच्या एका माणसानं काढलेले. ते खंड उघडायला हात होईना. तिथं कुणी नसलं तर?

“राहू दे,” एनो खिडकीजवळूनच म्हणाला. “घरी जा, हार्टविग.”

मी यंदाचा जूनचा अंक उघडला.

ती होती. माझ्या शेजारी, चेहरा पूर्ण समोर. उन्हानं डोळे बारीक केलेले. मी तिच्याकडे बघत होतो.

मी पानावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मला दुसरं काही नको होतं.

इतिहास लिहून दिला. सोबत तोच फोटो छापायला सांगितला. दुसऱ्या दिवशी उलरिकेचा फोन आला. ती गेसाला कधी भेटलेली नव्हती.

“किती गोड दिसताय दोघं! पांढरे केस शोभतात त्यांना. फक्त एक विचारायचं होतं. त्यांच्या कानातलं ऐकायचं यंत्र फोटोत स्पष्ट दिसतंय. झाकू का? बायकांना कधीकधी आवडत नाही.”

गेसाचे कान शेवटपर्यंत तिखट होते.

“नको,” मी म्हणालो. “राहू दे. नवीनच दिसतंय.”