गालियाच्या खोलीतली कुंभारीण

खजुराचा हंगाम सरला की सिद्रैन गावात हुमैदला मागणी येई. एरवी त्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नसे. मधमाश्या पाळणारा माणूस, अंगाला सदा धुराचा वास, बोलणं मोजकं आणि तेही तिरकं. पण अंगणाच्या भिंतीत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड थाटलं की सगळ्यांना तोच आठवायचा. गांधीलमाश्या त्याच्याही वैरी होत्या, त्याच्या मधमाश्यांची मुंडकी तोडून नेत. त्यामुळे त्यांचा नायनाट करायला जाताना तो आढेवेढे घेत नसे.

झुवैनाचा निरोप आला तेव्हा मात्र त्याने दोन दिवस चालढकल केली. आधी म्हणाला मध काढायचा आहे, मग म्हणाला पाठ धरलीय. तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून सांगून पाठवलं, "शम्सा बाळंतपणाला येतेय. पोटुशी पोर घरात आणि भिंतीत माश्या घोंगावताहेत. गेल्या खेपेला काय झालं ते तुला ठाऊक आहे. यायचं नसेल तर तसं तोंडावर येऊन सांग."

गेल्या खेपेचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. झुवैना विधवा, पदरात दोन मुली. धाकटी शम्सा सासरी. थोरली गालिया बावीस वर्षांची; तिच्यावरून झुवैनाला सगळे उम्म गालिया, म्हणजे गालियाची आई, म्हणत. मागच्या हंगामात गालिया खजुराच्या खोलीत पाक भरायला गेली. थैल्यांच्या थप्पीखालून ओघळणाऱ्या पाकावर गांधीलमाश्या बसल्या होत्या, त्यातली एक तिच्या मानेला डसली. घटकाभरात चेहरा ओळखू येईना. दुपारी श्वास थांबला आणि तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजाआधी तिला पुरलंही. उन्हाच्या दिवसांत मयत घरात ठेवायची रीत नव्हती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कबरीत मयत बगलेतल्या कोनाड्यात ठेवतात, तो कोनाडा कच्च्या विटांनी बंद करतात आणि विटांच्या फटी ओल्या मातीने लिंपतात. हे लिंपण्याचं काम गावात हुमैदकडेच असे. मधमाश्या ठेवलेल्या पोकळ ओंडक्यांची तोंडं मातीने बंद करून करून त्याचा हात बसला होता. त्या दिवशीही तोच खाली उतरला. शेवटची फट लिंपताना बोटाखालची ओली माती आत ओढली गेली. जरा थांबली आणि बाहेर आली. पुन्हा आत गेली.

हुमैदने वर पाहिलं. वर चाळीस माणसं उन्हात उभी होती. ओली माती बसताना अशी हलते, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणखी मूठभर माती घेतली आणि वर दुसरा थर दिला.

हे तो कुणाजवळ बोलला नाही, घरात बायकोजवळही नाही. वर्षभर तो झुवैनाच्या गल्लीतून जायचं टाळत आला होता, कारण ती बाई ज्याला त्याला एकच प्रश्न विचारत होती. आंघोळ घालणाऱ्या बायकांना विचारून झालं होतं, इमामाला विचारून झालं होतं. फक्त लिंपणारा राहिला होता.

दिवस कलताना तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. पाठीवर खजुराच्या काथ्याचं गाठोडं, हातात विळा.

"आलास?" झुवैना म्हणाली. "माणसांनी बोलावून येत नाहीस, माश्यांनी बोलावलं की बरा येतोस."

"माश्या प्रश्न विचारत नाहीत, उम्म गालिया."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. तिने कॉफीचा पेला भरून पुढे केला. त्याने एकच पेला घेतला आणि लगेच हलवून परत दिला, म्हणजे आता नको.

"एवढ्यात? विष नाही घातलंय त्यात."

"उजेड आहे तोवर भोकं बघून ठेवतो. अंधारलं की सगळ्या आत शिरतील, मग काम."

अंगणात तीन ठिकाणी वस्ती होती. डाळिंबाच्या झाडावर एक छोटं कागदी पोळं लोंबत होतं, ते त्याने विळ्याने उतरवून पाण्याच्या घागरीत बुडवलं. उंबऱ्यालगत जमिनीत एक भोक होतं. सगळ्यांत मोठी वस्ती खजुराच्या खोलीच्या भिंतीत होती. भिंतीला कान लावला की आत दूरवर जातं फिरावं तशी घरघर ऐकू यायची. सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली, नमाज आटोपला, शेवटची माशी आत गेली. हुमैदने काथ्या पेटवून विझवला आणि त्याचा कडू धूर नळीने भोकात फुंकू लागला. आत एकदम कल्लोळ उठला. मग तो विरळ होत गेला, आणि शेवटी एकच माशी कुठेतरी खोल भणभणत राहिली. त्याने पेंढा कालवलेली माती घेऊन भोक बुजवलं. झुवैना कंदील धरून त्याच्या हाताकडे एकटक पाहत होती. एवढा वेळ तिने हाताकडेच पाहिलं, माश्यांकडे नाही.

"झालं," तो म्हणाला. "येतो मी."

"आत एक राहिलंय."

"आत?"

"गालियाच्या खोलीत. शम्साला तिथेच निजवणार आहे, दुसरी खोली आहे कुठे? चाळीस दिवस पोर तिथे राहायची."

त्याला नाही म्हणायला काही निमित्त सुचलं नाही. तिने गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. खोलीत लोबानाचा शिळा वास होता, आणि त्याखाली ओल्या मातीचा. पलंगावर घडी घातलेली ओढणी. पलंगाच्या वर, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात, मातीच्या नळ्या एकीला एक चिकटवून रचलेल्या होत्या.

हुमैदला हायसं वाटलं. "ही गांधील नाही, कुंभारीण आहे. गरीब माशी. सहसा डसत नाही." त्याने पलंगावर चढून विळ्याचं टोक घातलं. एक नळी फुटून खाली पडली. तिच्यातून पाच-सहा कोळी ओघळले, पाय आखडलेले.

झुवैनाने कंदील खाली नेला. "मेलेत?"

"मेलेत."

"हा पाय हलवतोय, हुमैद."

त्यानेही पाहिलं. एका कोळ्याचा एक पाय हळूच उघडला आणि मिटला.

"कुंभारीण मारत नाही त्यांना," तो नाइलाजाने म्हणाला. "डंख मारून लुळं करते आणि मातीत कोंडते. पिल्लांना ताजं खायला मिळावं म्हणून."

"म्हणजे आत... कळत असतं त्यांना?"

"कोळ्याचं कोण सांगणार?"

ती उकिडवी बसून राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, अंग मऊ होतं. उन्हाने असेल, म्हणाल्या. इमाम म्हणाला, अल्लाहची मर्जी. तू शेवटचा होतास तिच्याजवळ. मी रडणार नाही, भांडणार नाही, कुणाला सांगणार नाही. मला वर्षभर झोप नाही. तेवढं सांग... काही जाणवलं तुला?"

हुमैद कोपऱ्यातल्या कुंभारणीच्या उरलेल्या घराकडे वळला. हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून वळला. आणि तेव्हा कंदिलाच्या उजेडात त्याला ती माती नीट दिसली.

अंगणातली माती तांबडी. गावातल्या प्रत्येक कुंभारणीचं घर तांबडं. हे पांढरट होतं, आणि पांढरी खारी माती सिद्रैनमध्ये एकाच ठिकाणी होती, कबरस्तानात. कुंभारीण गोळीगोळीने बांधते, तिच्या कामावर तिरप्या बारीक वळ्या दिसतात. हे काम सपाट होतं, बोटांनी सारवलेलं. दोन लांब रेघा, आणि मधे कोरी जागा.

त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. पोरवयात ओंडका पडून गेलं होतं. तो माती लिंपतो तेव्हा दोन बोटं टेकतात, मधलं टेकत नाही. गावात अशी रेघ दुसऱ्या कुणाच्या हातची उमटत नसे.

"या खोलीत... कोण येतं?"

"कोण येणार? किल्ली माझ्या गळ्यात असते. खिडकी तेव्हापासून बंद आहे." ती उठून उभी राहिली. "मी काय विचारलं, हुमैद?"

त्याने ती पांढरी माती मुठीत चुरली. चुरा बोटांमधून ओढणीवर सांडला.

"काही जाणवलं नाही," तो म्हणाला. "थंड होती माती. सगळं शांत होतं. तुमची मुलगी केव्हाच गेली होती, उम्म गालिया."

तिने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले. "अल्लाह तुझं भलं करो," ती पुटपुटली, आणि शब्द दिला होता तरी रडली. हुमैदने झाडून सगळा चुरा गोळा केला, गाठोड्यात बांधला आणि घरी जाताना वाटेत टाकून दिला. आपण वाईट केलं असं त्याला वाटलं नाही. एका बाईला झोप मिळाली, यात वाईट काय होतं?

पहाटे बांग झाली ती त्याला एकाच कानाने ऐकू आली. उजवा कान बंद झाला होता. त्याने करंगळी घालून पाहिली तर आत ओलं, गार काहीतरी बसलेलं. काडीने कोरून काढलं तर माती निघाली. पांढरी. कानाच्या तोंडाशी ती नीट सारवलेली होती.

"झोपेत माती घालून घेतलीस की काय कानात?" बायकोने विचारलं.

"कुंभारणी असं करतात," तो म्हणाला. "कुठलंही भोक दिसलं की बुजवतात." ते खरंही होतं. पण कुंभारीण अशी सपाट सारवत नाही. हातात काडी धरूनच त्याने ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. फट, आत ओढली गेलेली माती, दुसरा थर, सगळं. तिने दगड मारले तरी चालतील.

ऊन वर आलं तेव्हा तो झुवैनाच्या अंगणात पोचला. दारं-खिडक्या सताड उघडी होती. गालियाची खोली धुवून काढलेली, पलंगावर नवी चटई. झुवैना उखळात वेलची कांडत होती, आणि गुणगुणत होती. वर्षभरात तिच्या घरातून असा आवाज आला नव्हता. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा एका रात्रीत फिकी पडल्यासारखी दिसत होती.

"ये, ये! काल झोपले बघ मी. मेल्यासारखी झोपले, पहाटेची फजरसुद्धा चुकली! शम्सा संध्याकाळी येतेय." तिने फडकं झटकलं. "आज काय, पाठ नाही धरली?"

"मला... एक सांगायचंय, उम्म गालिया."

"सांग की." ती हसत त्याच्याकडे वळली आणि थबकली. मग ओढणीचं टोक पुढे करून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "आधी तोंड पूस बाबा. ओठांना काय लावून आलायस? चिखल आहे सगळा."

त्याने बाहीने ओठ पुसले. बाहीवर पांढरा ओला पट्टा उमटला. त्या सकाळी त्याने मातीला हात लावला नव्हता.

"बोल ना. काय सांगत होतास?"

हुमैदने तोंड उघडलं. दातांच्या मागे खारट, गार असं काहीतरी हळूच आत ओढलं गेलं, थांबलं, आणि पुन्हा जिभेवर आलं. झुवैना वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं.

त्याने मान हलवली, काही नाही अशी, आणि तो बाहेर पडला. गल्लीच्या टोकाला गावाला पाणी आणणारा फलजचा पाट वाहत होता. तो काठावर वाकला, ओंजळ भरून चूळ भरली. पाणी पांढरं पडलं. पुन्हा भरली, पुन्हा पांढरं. पाटावर भांडी घासणाऱ्या बायकांनी आधी विचारपूस केली, मग आपापली भांडी उचलून त्या वरच्या अंगाला सरकल्या. दुपारची बांग झाली तरी हुमैद तिथे चुळा भरत बसला होता, आणि पाणी काही स्वच्छ पडत नव्हतं.