पिवळा किती पिवळा

ही हकीकत खरी आहे. खोटी असती, तर निदान मला झोप लागली असती.

गेल्या हिवाळ्यातली भर दुपार. छापखान्यातली रंगदुरुस्तीची खोली, काळे पडदे ओढलेले.

नवजात बाळांच्या काविळीवरच्या सचित्र ग्रंथाचा मी संपादक. त्यातली चित्रं पाहून शिकाऊ डॉक्टर पिवळेपणा ओळखायला शिकणार होते. रंग चुकला, तर आजारी बाळ निरोगी ठरून घरी जाणार होतं.

त्या खोलीतल्या खुर्चीवर पूर्वी रंग दुरुस्त करायला माझी ताई बसायची.

"माझे डोळे पिवळे दिसतात का हो?" तिने एकदा छापखान्याच्या मालकांना विचारलं होतं.

"स्क्रीन जुना झालाय, त्याचाच पिवळट उजेड पडतो तुमच्यावर."

या विद्वत्तापूर्ण निदानाच्या भरवशावर ती राबत राहिली. यकृताला ते निदान पटलं नाही. ती गेली.

स्क्रीन अजून तोच होता.

"आता कशाला मोजत बसताय, संपादकसाहेब?" मालक दारातून म्हणाले. "बाळं पिवळी दिसताहेत ना? मग छापू या की!"

"स्क्रीनच पिवळा आहे. कागदावर ती गुलाबी उतरतील."

"तुम्हा विद्वानांचं काही खरं नाही बुवा!"

ते गेले. मी रंग मोजणारा सेन्सर स्क्रीनवर लटकवला. तो एकेक रंगाचा चौकोन वाचतो. त्यावरून स्क्रीनचा दोष काढणारं प्रोफाइल तयार होतं.

लाल... हिरवा... निळा...

पिवळ्यावर तो थांबला.

मग काचेपासून अलगद उचलला गेला. खालची धूळ कुणी पुसून घ्यावी, इतका वेळ...

आणि परत टेकला.

खोलीत मी एकटाच होतो.

मोजणी संपली. प्रोफाइलला मी नाव दिलंच नव्हतं. तरी यादीत ते दिसत होतं...

'ताई'.

मी ते पुसलं. पुन्हा मोजलं.

पुन्हा... 'ताई'.

भांडायचं त्राण नव्हतं. तेच निवडलं.

क्षणात सगळी बाळं गुलाबी झाली. म्हणजे इतके दिवस स्क्रीनमुळे जास्त वाटणारा पिवळा कमी करता करता आम्ही चित्रांतला आजारच पुसत होतो. एकेक चित्र मूळ रंगावर आणलं.

शेवटच्या पानावर संपादकाचा फोटो. ताजा, त्याच्या रंगांना कुणीही हात न लावलेला.

त्यात माझे डोळे पिवळे होते.

ग्रंथ योग्य रंगात छापला गेला. माझ्या तपासण्यांत काही निघालं नाही. थकवा मात्र हटत नाही.

"डोळे अगदी स्वच्छ आहेत," डॉक्टर दर वेळी सांगतात.

ते मला त्यांच्या खोलीतल्या दिव्याखाली तपासतात.

तो उजेड कुणी मोजला आहे का... हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.