मधल्या गाड्यांचा ब्रेकवाला

आमच्या लाकूडतोडीच्या छावणीत ओंडके वाहणाऱ्या आगगाडीच्या ब्रेकवाल्याची लायकी त्याच्या बोटांवरून ठरायची. जितकी कमी, तितका तो मुरलेला. दोन गाडे जोडताना मधे उभं राहायचं, कडी हातानं धरायची, वरून लोखंडी खुंटी घालायची आणि धक्का बसायच्या आत हात मागे घ्यायचा. वर्षानुवर्षं हे करूनही दहाची दहा बोटं राखलेला माणूस कॅलिफोर्नियाच्या त्या किनाऱ्यावर मी तरी पाहिला नाही. माझी दहा होती. त्यामुळे जेवणघरात रोज माझा उद्धार व्हायचा.

"मोजा रे याची बोटं," मागच्या गाड्यांवरचा मनुएल म्हणायचा. "दहा? मग याला डुकराचं मटण नको, दूध द्या. अजून अंगावर पितंय लेकरू!"

मीही हसायचो. नॉर्वेहून आलेला नवखा गडी, दुसरं करणार काय?

मला सलायचं ते वेगळंच. मधल्या गाड्यांवर माझ्याआधी एज्रा थेअर होता. अठराशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मोठ्या वळणावर ओंडक्यावरून त्याचा पाय सुटला आणि तो दरीत गेला. त्याची जागा मला मिळाली. पुढल्या वर्षी त्याची बायको लविनियाही मिळाली. मिळाली म्हणजे लग्न झालं. ती खरोखर माझी झाली की नाही, एवढंच मला कळत नव्हतं. कामात तिनं कधी काही कमी केलं नाही. सफरचंदाचा केक भाजायची, माझे मोजे विणायची. पण माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची. जिता माणूस आड आला असता तर त्याचे दात पाडले असते. मेलेल्याचं काय करायचं?

डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात समुद्राचं धुकं असं चढायचं की इंजिनातून म्हाताऱ्या गिलिसला मागचा गाडाही दिसायचा नाही. म्हणून आम्ही ओरडायचो. मनुएल म्हणायचा, "मागला तयार!" मग मी, "मधला तयार!" दोन्ही हाका आल्याशिवाय गिलिस गाडी सोडायचा नाही. एकदा उतार लागला की रेडवूड झाडांच्या ओल्या ओंडक्यांवरून धावत एकेका गाड्याचं ब्रेकचं चाक दांडकं घालून आवळायचं. उशीर झाला की सगळं दरीत.

जूनमधे एकदा मी चौथ्या गाड्यापाशी पोचलो, तर चाक आवळलेलं.

"मनुएल, तू आवळलंस?" खाली उतरल्यावर मी विचारलं.

"माझे गाडे सोडून तुझ्याकडे कशाला तडफडू? मला काय जीव जड झालाय?"

गिलिसनं मात्र माझी पाठ थोपटली. "वा रे नॉर्वेकर! अगदी एज्रासारखी उतरवलीस."

घरी लविनियाला मी ही शाबासकी सांगितली. निम्मीच सांगितली, एज्राचं नाव गाळून. ती कणीक मळता मळता थांबली. "वळणाच्या आधीच आवळलंस ना? एज्रासुद्धा आधीच आवळायचा." आणि हसली. लग्न झाल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग ते रोजचंच झालं. मी पोचायच्या आत चौथं चाक आवळलेलं. ओंडके थंडगार, माझ्या दाढीतून पाणी ठिबकतंय, आणि ते लोखंडी चाक कोमट. सगळं नाही. धरायच्या जागी तेवढंच, नुकताच हात काढून घेतल्यासारखं. मी नीट चाचपून पाहिलं. घर्षणानं तापलं म्हणावं, तर चाक वर, घासतं ते खाली. दुसरं कारण मला सापडलं नाही.

भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू? हेवा वाटला. काम त्याचं, शाबासकी माझी, आणि घरी गेल्यावर तिचं हसू पुन्हा त्याचंच.

एके दिवशी मी जीव खाऊन धावलो, दोनदा घसरलो, तरी चाक आवळलेलंच. मी त्या धुक्यात ओरडलो, "हो बाजूला, मेल्या! गाडी माझी, बायको माझी! तुझं इथं काय उरलंय?"

दुसऱ्या दिवसापासून चौथं चाक सैल मिळू लागलं. थंड आणि सैल. हात सोलवटून निघाले, पण गाडी मी एकट्यानं उतरवत होतो. मला फार बरं वाटलं. लविनियाचं हसू मात्र मावळलं.

"हल्ली गाडी धक्के खात येते म्हणे," एवढंच म्हणाली.

त्यानंतरची गोष्ट. माथ्यावर गाडीचे दोन तुकडे जोडायचे होते. मी मधे उभा होतो. खुंटी बसली, पण कडीत झाडाची साल अडकली होती. ती काढायला मी डावा हात घातला.

मागून मनुएलची हाक आली. "मागला तयार!"

मी तोंड मिटूनच होतो. हात निघाल्याशिवाय ओरडणार कसा?

माझ्या डोक्यावर, ओंडक्यावर, बुटांचे खिळे करकरले.

"मधला तयार!"

आवाज माझा होता.

गाडीनं हिसका दिला.

शुद्धीवर आलो तेव्हा गिलिस रडत होता. "तुझाच आवाज रे, हाल्वर. तुझे ते नॉर्वेचे हेल मला ओळखू येत नाहीत होय?" मनुएलनंही तेच शपथेवर सांगितलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जेवणघरातून निरोप आला, "आता शोभतोस!"

लविनिया दुपारभर माझ्या उशाशी बसून असायची. एका दुपारी माझा हात तिनं मांडीवर घेतला, असा तिनं तो कधीच घेतला नव्हता. मला रडू येत होतं. इतक्या दिवसांनी ही माझी झाली, असंच वाटलं.

"नसलेली बोटं खाजतात ना?" ती म्हणाली.

खाजत होती. जीव नकोसा झाला होता.

तिनं डोळे मिटले आणि पट्टीच्या पलीकडे, नुसत्या हवेत, नखांनी हळूहळू खाजवलं. कुठं आणि किती, तिला बरोबर ठाऊक होतं. खाज थांबली.

"बरं वाटलं ना रे?"

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. पण तिला उत्तर मिळालं असावं. ती समाधानानं हसली आणि त्या रिकाम्या जागेवर हात फिरवत म्हणाली, "मग असाच पडून राहा. आता कुठं जाऊ नकोस."