देवपूरच्या ऑफिसातलं पाचवं नाव

थापा मारायची मला हौस नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण हे माझ्या लीलाधरमामांसोबत घडलंय. तेही भर दुपारी!

१९९३ चा मे महिना. धुळ्याचं देवपूर. मामा जळगावहून एका संस्थेच्या ऑफिसात आले होते. चार युनिक्स कॉम्प्युटर एका केबलने जोडायचे, बस्स.

त्यात प्रत्येक मशीनला नाव आणि नंबर द्यावा लागतो. मामा म्हणाले, "ज्याचं टेबल, त्याचंच नाव देऊ."

म्हातारे शिपाई सुपडूआबा हजेरी घेतल्यासारखी नावं सांगत गेले. मामा टाइप करत गेले.

नावं झाली पाच.

मशीन मात्र चारच!

मामांनी तपासायला घेतलं. एकेका नावाला मशीनवरून हाक मारायची. समोरचं चालू असेल तर पडद्यावर 'अलाइव्ह' येतं. म्हणजे जिवंत. चारही आली. गंमत म्हणून मामांनी पाचव्यालाही हाक मारली...

'हिलाल इज अलाइव्ह.'

मामांनी ते मोठ्याने वाचलं. "आबा, हा हिलाल कुठे बसतो?"

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! मेली सवय... हिलालभाऊ आमचे क्लार्क होते. सात वर्षांपूर्वी जेवायला म्हणून घरी निघाले, ते पोचलेच नाहीत."

मामांनी केबल उपटली. पुन्हा हाक मारली...

अलाइव्ह.

"भाऊ, त्यास्नं नाव काबर लिधं? काय लिखेल शे तठे?"

त्यांचं नाव का घेतलं, तिथे काय लिहिलंय, असं विचारणारी सुंदरबाई मागे बाकावर बसली होती. हिलालची बायको. कपाळावर मोठं कुंकू, हातात पेन. नवरा वारला असं लिहून दिलं, तरच तिला त्याच्या जागी नोकरी मिळणार होती. घरात दोन पोरी. सात वर्षं तिने सही टाळली होती.

मामांच्या मनात आलं, एका मशीनच्या भरवशावर तिच्या तोंडचा घास काढायचा?

"काही नाही अक्का. मशीन बिघडलंय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने सही केली आणि पदराने कपाळ पुसलं.

मामांना राहवलं नाही. त्यांनी शेवटची एक हाक मारली...

'नो आन्सर फ्रॉम हिलाल.'

उत्तर नाही.

सुंदरबाईला नोकरी लागली, पोरी शिकल्या. सगळं चांगलं झालं. तरी मामा अजून विचारतात, "मी खरं सांगितलं असतं, तर तिने सही केली नसती रे. मग तो... अजून 'अलाइव्ह' असता का?"