सदतीस साड्या

"आणखी एकदा बोला," डॉ. हेमांगी गुर्जर म्हणाल्या. "गिऱ्हाइकांशी बोलता ना, अगदी तसं."

ऋजुता चौगुलेने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. अडीच महिन्यांची ती मुलगी इचलकरंजीपासून पुण्यापर्यंत शहाण्यासारखी झोपली होती आणि ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या 'ओसरी' कंपनीच्या ओळख-प्रयोगशाळेत शिरताच नेमकी जागी झाली होती. ऋजुता दबक्या आवाजात बोलली, मध्येच थांबली, पाठीवर थोपटत उरलेलं वाक्य पुरं केलं. मग एकाच हाताने चार ओळी टाइप केल्या. पडद्यावर आकडा उमटला. जुळणी : अठ्ठावन्न टक्के.

खातं उघडायला किमान पंच्याऐंशी लागत.

ओसरीवर पासवर्ड कधीच बंद झाले होते. त्यांच्या जागी 'वर्तनठसा' आला होता, आणि तो डॉ. गुर्जरांनीच शोधला होता. माणूस कोणत्या शब्दापाशी अडखळतो, कोणतं अक्षर कोणत्या बोटाने दाबतो, उत्तर द्यायला किती वेळ लावतो, अशा हजारो बारक्या सवयींचा मिळून तो ठसा होई. चेहऱ्याची नक्कल होते, आवाजाची होते. सवयी मात्र कुणाला चोरता येत नाहीत, हे त्यांनी ऋजुतालाही समजावून सांगितलं.

"चोरता येत नसतील. पण बदलतात ना, मॅडम," ऋजुता म्हणाली. "मला आता दोन हात मोकळे मिळतात कुठे?"

डॉ. गुर्जरांनी चाचणी चालूच ठेवली. त्यांचा सहायक लोखंडे पडद्याकडे बघत राहिला.

ऋजुता बाळंतविडे शिवायची. कुंची, टोपरं, झबली. पण तिचं नाव झालं ते दुपट्यामुळे. बाळंतिणीच्या आईची वापरून मऊ झालेली साडी यायची आणि ऋजुता तिचं दुपदरी दुपटं करून द्यायची. ओसरीवर गिऱ्हाईक इतकं वाढलं की तिने बाजारपेठेतला गाळा सोडला. पत्त्यांची वही होती, तीही बंद केली. गिऱ्हाइकाचा नाव-पत्ता विक्रेत्याने उतरवून ठेवायचा नाही, असा नियमच आला होता. पार्सलवर फक्त क्रमांक; तो क्रमांक कुणाचा, हे खातं उघडल्यावर दिसायचं. सासूबाई म्हणाल्या होत्या, वही राहू दे गं, वही काय खायला मागते? ऋजुता हसली होती.

बाळंतपणानंतर नवव्या दिवशी तिने फोन हातात घेतला, तर ओसरीने कळवलं की आपण या खात्याच्या मालक नाही. तेव्हापासून कपाटात सदतीस साड्या होत्या. सगळ्या शिवून तयार, आणि कुणाच्या ते ठाऊक नाही. एक तेवढी ओळखू येत होती. नांदेडच्या अभिलाषाची, जांभळी इरकल. तिची आई आठ महिन्यांपूर्वी गेली होती. न धुता शिवा, असं तिने बजावलं होतं. आईचा वास जाईल. ऋजुताने ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली होती. वास दिवसेंदिवस कमी होत होता.

"माझं खातं तुम्ही ठेवून घ्या," ती म्हणाली. "सदतीस पत्ते तेवढे द्या. मी घरोघर पोचवून येईन."

पत्ते मालकालाच देता येतात, असं डॉ. गुर्जरांनी सांगितलं. एक वाट मात्र होती. एखाद्या गिऱ्हाइकाने माल मिळाला नाही अशी तक्रार केली असेल, तर माणसांकरवी चौकशी लावता येते. एक तक्रार पुरे होती. त्यांनी लोखंडेला तक्रारी काढायला सांगितलं.

लोखंडेने शोधलं, पुन्हा शोधलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "सदतीसच्या सदतीस जणींनी पोच दिलीय. पाच-पाच तारे."

"कशाची पोच? साड्या माझ्या कपाटात आहेत, दादा."

लोखंडेने संवाद पडद्यावर लावला. ऋजुताच्या खात्यावरून तिचा 'प्रतिवक्ता' बोलत होता. मालक झोपलेला असो की प्रवासात, त्याच्या ठशावरून त्याच्यासारखंच बोलणारी ही सोय प्रत्येक खात्याला होती. खातं अडकलं तरी ती थांबवत नसत. खातं गप्प झालं की वर्दळ घटते. ऋजुताच्या प्रतिवक्त्याची जुळणी नव्व्याण्णव टक्के होती. त्याने प्रत्येकीला कळवलं होतं, ताई, दुपटं पाठवलंय हं. तीही असंच म्हणाली असती.

"तो खोटं बोलला, ते समजलं," ऋजुता म्हणाली. "पण या मिळालं कसं म्हणतात?"

डॉ. गुर्जर बराच वेळ त्या उत्तरांच्या तारखा बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "या सगळ्या आता बाळंत झाल्या असतील?"

"झाल्याच असणार. सातव्या-आठव्या महिन्यात साड्या येतात माझ्याकडे."

त्यांनी लोखंडेला सदतीस खात्यांची स्थिती काढायला लावली. साडी धाडली तेव्हा प्रत्येक खात्यावर जितीजागती बाई होती. मग काही दिवस शांतता. मग जुळणी साठच्या खाली, आणि खातं अडकलेलं. पोच दिली होती ती त्यांच्या त्यांच्या प्रतिवक्त्यांनी. माल मिळाला की त्या बाया आभार मानत; यांनी तो पाठवल्याचं कळताच मानले होते.

"इतक्या बायकांचं असं होतं, आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" ऋजुताने विचारलं.

"सांगायला खात्यात यावं लागतं," डॉ. गुर्जर म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "चाचणीला दोनशे माणसं घेतली होती आम्ही. त्यात बाळंतीण एकही नव्हती."

मुलगी रडायला लागली. ऋजुताने तिला पदराखाली घेतलं आणि अभिलाषाचा संवाद उघडायला सांगितलं. अभिलाषाच्या प्रतिवक्त्याने लिहिलं होतं : बाळ आईच्या कुशीत असल्यासारखं झोपतं. खाली ऋजुताच्या प्रतिवक्त्याचं उत्तर : वास जपा ताई, उन्हात घालू नका.

ऋजुता ते वाचत असतानाच खाली नवी ओळ आली. आईची अजून एक साडी आहे, तिची झबली कराल का? लगेच उत्तर गेलं : पाठवा ताई, निर्धास्त पाठवा.

"उद्या सकाळी कुरिअरवाला तिच्या दारात जाईल," लोखंडे हळूच म्हणाला. "साडी न्यायला."

"ती देईल?"

"मागणी तिच्याच नावाची, साडी यायची तुमच्याकडे. तिला वाटेल, तुम्हीच मागवलीत."

ऋजुता पडद्याजवळ सरकली. "देऊ नको गं बाई," ती म्हणाली. "ती एवढी एक तरी घरात राहू दे."

ध्वनिग्राहक चालूच होता. असं वाक्य ऋजुता चौगुले आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाशी बोलली नव्हती. पडद्यावर आकडा बदलला. जुळणी : एकोणीस टक्के.