महावज्र, भाग चौथा

पडद्यावरच्या सुपरहिरो महावज्रच्या पाठीवरच्या लाल झुलीला डाव्या खांद्यापाशी सोनेरी दोऱ्याचा एक टाका होता. तिसऱ्या भागात तो नव्हता. चौथ्या भागाच्या मध्यंतरापर्यंत सुनेत्राला सापडलेला हा एकमेव फरक. बाकी तोच कोसळता पूल आणि त्यावरून लोंबकळणारी तीच शाळेची बस. बस वाचली तेव्हा तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, उभं राहून टाळ्या वाजवल्या. चौथ्यांदा.

सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. सुनेत्राला त्या सगळ्यांची कीव यायला हवी होती, पण येत होता तो तिटकारा.

नवी आठवण मेंदूत लगेच पक्की होत नाही. विरजण लावल्यावर दही लागायला जसे काही तास जातात, तसेच तिलाही लागतात. तेवढ्या वेळात कुणी भांडं हलवत राहिलं, तर दही लागतच नाही. असं भांडं हलवणारं रसायन सुनेत्राने प्रयोगशाळेत तयार केलं होतं, मोठ्या अपघातातून वाचलेल्यांसाठी. विकत घेतलं ते चित्रपट कंपनीने. तिथे त्याला विसरवारा म्हणत. मध्यंतरानंतर एसीतून तो सोडला जाई आणि प्रेक्षकांना वाटे, छान अत्तर मारलंय. त्या दुपारी पाहिलेलं-ऐकलेलं सगळं पुसलं जाई. पण आनंद मेंदूत दुसरीकडे रुजतो, तो टिके. लोक ‘मस्त होता’ म्हणत बाहेर पडत आणि काय मस्त होतं ते एकालाही सांगता येत नसे. मग नवी कथा लिहायची कशाला? एक टाका पुरे. चित्रपट थिएटरबाहेर कुठे दाखवतच नसत. समीक्षकही तीच हवा घेत. कंपनीच्या माणसांना तेवढा उतारा मिळे. सुनेत्राने तो घेतला होता.

मध्यंतरात श्रीरंग समोसे घेऊन आला आणि मोबाइलवरचं परीक्षण वाचून दाखवू लागला. “ऐक. जमेच्या बाजू : थरार, आणि भावनिक खोली. उणिवा : खलनायक जरा ओळखीचा वाटतो.”

“जरा?”

“झालं सुरू! अगं, तुला काही आवडतं का कधी?”

मागच्या तिन्ही मध्यंतरांत, लॉबीतल्या याच खांबापाशी, सुनेत्राने त्याला एकच गोष्ट सांगितली होती. तिन्ही वेळा त्याचा चेहरा उतरला होता आणि त्याने एकच प्रश्न विचारला होता, “कधीपासून?” मग घंटा झाली होती, ती त्याला हाताला धरून आत घेऊन गेली होती आणि संध्याकाळी तो शीळ घालत गाडी चालवत होता. तिला वाटायचं, यात कुणाचं काही बिघडलं नाही.

“पण खोलीचं म्हणतायत ते खरंय,” समोसा मोडत श्रीरंग म्हणाला. “महावज्र बघून आलं ना, की मला महिना महिना इथे जड वाटतं.” त्याने छातीवर हात ठेवला. “कुणीतरी गेल्यासारखं. कोण, ते काही आठवत नाही. दर भागाला वाढतंच चाललंय. हसू नकोस, ऑफिसच्या जिन्यात रडलो मी एकदा. सिनेमात ताकद असल्याशिवाय होतं का असं?”

सुनेत्रा हसली नाही. भावना टिकते हे तिनेच तर सिद्ध केलं होतं. टिकणारी भावना आनंदाचीच असेल, असं मात्र तिने कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुलावरच्या त्या बसला ती चार भाग हसत होती, आणि स्वतः मात्र तेच दृश्य पुन्हा पुन्हा काढत होती, एक टाकाही न बदलता.

घंटा झाली.

“चल चल, सुरू होईल,” श्रीरंग हात पुसत म्हणाला.

“आत जायचं नाही.”

“अगं, पुढे काय होतं ते नको बघायला?”

“ते मला माहितीये.” तिने त्याचा हात धरला आणि त्याला काचेच्या दारातून बाहेर, रणरणत्या उन्हात आणलं. आत अत्तराचा पहिला झोत सुटला असेल. इथे नुसता डिझेलचा वास होता.

“बाई, काय चाललंय तुझं?”

“मला वेगळं व्हायचंय, श्रीरंग,” सुनेत्रा म्हणाली. तो तोंड उघडणार, एवढ्यात तिनेच त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, “पहिल्या भागापासून.”