अस्वल चिमणीला काय म्हणालं

ग्रंथालयातल्या त्या पोरीला गोष्ट पुरी सांगायला काय धाड भरते, हे शिलाईच्या दुकानातल्या आजींना कळत नव्हतं. दर आठवड्याला पुस्तकांची पेटी घेऊन यायची, दुकानामागच्या खोलीत कापडांच्या गाठोड्यांवर गल्लीतली चिल्लीपिल्ली बसवायची – अजून शाळेचं तोंड न पाहिलेली – आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायची. "उरलेलं पुढच्या वेळी!" पोरं हिरमुसायची. आजींचाही पाय मशीनवर थबकलेला असायचा. पण ते कबूल करायला त्या काय खुळ्या होत्या?

आणि त्यांचा नातू! उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने हातात घालून बोलवायचं अस्वल शिवलं, चिमणी शिवली. पण ती पोरगी समोर आली, की गळ्यातली टेप चाचपत नुसता उभा.

"शिवलंय झकास," ती म्हणायची. "शिवणारा बोलतो का पण?"

"हो... म्हणजे... कधीकधी."

"कधी ते सांगा ना. तेव्हाच येत जाईन."

झालं, याचे कान लाल! आजी मनातल्या मनात कपाळ बडवून घ्यायच्या.

एके दिवशी ती आली तीच घसा बसवून. "पुढच्या आठवड्यापासून मला दुसऱ्या वस्तीत पाठवताहेत," ती कशीबशी कुजबुजली. "आज गोष्ट पुरी व्हायलाच हवी..." आणि तिने अस्वल सरळ नातवाच्या हातात चढवलं.

तिचा नियम पोरांना पाठ होता – अस्वल ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. आणि अस्वल कधी खोटं बोलत नाही.

नातू खाकरला... आणि मग काय बोलला म्हणता! जंगल काय, नदी काय, पळून गेलेलं मधाचं पोळं काय! पोरं आ वासून ऐकत होती. आजींची मान ताठ झाली. नातू कुणाचा!

तेवढ्यात पुढ्यातल्या एका चिमुरडीने बोट रोखलं. "अस्वला, तू सारखा ताईकडे का बघतोस?"

 ताईने नुसत्या भुवया उंचावल्या – नियम म्हणजे नियम!

"कारण..." अस्वलाची मान खाली गेली. "चिमणी गेली, तर अस्वलाला इथे करमायचं नाही. ती त्याला आवडते... फार आवडते."

"मग चिमणी काय म्हणते?" पोरांनी एकच गिल्ला केला.

तिने चिमणी हातात घातली. चिमणी हळूच अस्वलाच्या खांद्यावर टेकली. फाटक्या आवाजात, डोळ्यांत मिश्कील हसत ती म्हणाली, "चिमणी म्हणते... उरलेलं पुढच्या वेळी!"

"खबरदार!" आजी मशीनवरून ताडकन उठल्या. "पुस्तकातल्या गोष्टी खुशाल अर्ध्या सोड, बये. त्या वस्तीतही जा, नाव काढ. इथल्या पोरांना आता हा सांगेल – वाचा फुटलीय त्याला! पण माझ्या घरातली गोष्ट लोंबकळत ठेवलेली मला चालायची नाही. नातसून हवी तर अशीच, तिखट! उद्या आईला घेऊन ये."